चित्रकला शिकलेल्यांना गॅलरी आणि म्युझियममध्ये कोणती कामं मिळतात? (मुंबई)

जुईचा_वेल

नमस्कार मंडळी. माझी मुलगी जे. जे.मध्ये पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही अंबरनाथला राहतो. आमच्या घरात चित्रकलेकडे वळलेली ती पहिलीच, त्यामुळे पुढचं सांगणारं कुणी नाही. नातेवाइकांना विचारलं की दोनच उत्तरं येतात: एटीडी (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) करून शाळेत लाग, नाहीतर जाहिरात कंपनीत जा. दोन्ही कामं मानाची आहेत, पण तिचं मन तिथे नाही. कॉलेज सुटलं की ती काळा घोड्याला जाते, प्रिन्स ऑफ वेल्समध्ये (म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात) लघुचित्रांच्या दालनात तासन्‌तास बसते आणि आता म्हणते, "मला इथेच काम करायचंय."

इथे म्हणजे नक्की कुठे आणि काय काम, हे मला समजून घ्यायचं आहे. मला 'क्युरेटर' (प्रदर्शनात काय आणि कसं मांडायचं ते ठरवणारा) हा एकच शब्द माहीत आहे. बाकी काय असतं? कोणतं शिक्षण लागतं? मुंबई सोडावी लागेल का? आणि पोट भरतं का? मुलगी मराठी माध्यमातली आहे. इंग्रजी वाचते, लिहिते, पण बोलताना अडखळते. जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर उपकार होतील.

---

फोर्टचा_फेरा

ताई, मी एका खासगी गॅलरीत काम करतो, त्यामुळे गॅलरीपुरतं सांगतो. म्युझियमवाले येतीलच.

आधी एक फरक लक्षात घ्या. जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२) आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. तिथे चित्रकार अर्ज करतो, बरीच वाट पाहतो, दालन मिळालं की भाडं भरून आपलं प्रदर्शन आपणच लावतो. फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांचं तसं नसतं. गॅलरी काही मोजक्या चित्रकारांना आपलं मानते, त्यांची प्रदर्शनं स्वतःच्या खर्चाने करते आणि विक्रीतला वाटा घेते. केमोल्ड १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली आणि २००७ मध्ये फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर गेली. पंडोलही १९६३ची. आज प्रोजेक्ट ८८, चॅटर्जी अँड लाल, झवेरी कंटेम्पररी, तर्क अशी बरीच नावं सीएसएमटीपासून कुलाब्यापर्यंतच्या पट्ट्यात सापडतील. बहुतेक जुन्या इमारतींत, वरच्या मजल्यावर आहेत. बाहेरून दुकानासारखं काही दिसत नाही, म्हणून विद्यार्थी जिना चढायला बिचकतात. तिकीट नसतं. बेल वाजवून आत जायचं, वहीत नाव लिहायचं आणि निवांत बघायचं. तुमच्या मुलीने हे याच आठवड्यापासून सुरू करावं.

आता काम. गॅलरीत माणसं कमी असतात, त्यामुळे सुरुवातीला 'गॅलरी असिस्टंट' म्हणून घेतलं की सगळंच अंगावर येतं. स्टुडिओतून चित्र आलं की त्याचं माप, माध्यम, साल, सही कुठे आहे हे लिहायचं. फोटो काढून घ्यायचे. फ्रेमवाल्याकडे पाठवायचं, परत आल्यावर काचेच्या आत धूळ राहिली नाही ना ते बघायचं. किमतीची यादी, बिल, पॅकिंग, टेम्पो, विमा. प्रदर्शनाआधीचे चार-पाच दिवस भिंतीला पुट्टी, रंग, लाइट, लेबलं. आणि मग येणाऱ्या माणसाशी बोलणं. यातला शेवटचा भाग जमला की तुम्ही विक्रीकडे जाता. कागदपत्रांचा भाग जमला की तुम्ही रजिस्ट्रार, म्हणजे कामांच्या नोंदी आणि ने-आण सांभाळणारे, बनता. लिहिणं जमलं तर कॅटलॉग आणि प्रदर्शनाची टिपणं तुमच्याकडे येतात.

लिलावगृहं हा वेगळा रस्ता. सॅफ्रनआर्ट २०००पासून मुंबईत आहे, अस्तगुरु आहे, पंडोल्सही लिलाव करतात. तिथे कॅटलॉगिंगला तयार नजरेची माणसं लागतात: हे चित्र कुठल्या काळातलं, आधी कुणाकडे होतं, कुठल्या प्रदर्शनात लागलं, मागच्या चिकटपट्टीवर काय लिहिलंय. सोबत कायदा माहीत असावा लागतो. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. त्याशिवाय नऊ चित्रकारांची कामं 'कलानिधी' म्हणून जाहीर आहेत, तीही बाहेर जात नाहीत: राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. परदेशातल्या ग्राहकाने रविवर्म्याचं चित्र घेतलं तर ते भारतातच राहणार, हे लिलावाआधी सांगावं लागतं. असं काम करणाऱ्याला रंगाची जाण आणि कागदपत्रांची शिस्त दोन्ही हवी.

---

नोंदवही

जुईचा_वेल, तुमच्या मुलीचं वाक्य वाचून मला फार आनंद झाला. मी मुंबईतल्या एका म्युझियममध्ये संग्रहाचं काम पाहते. मीही फाइन आर्टचीच. सविस्तर लिहिते.

म्युझियममध्ये जे भिंतीवर दिसतं ते संग्रहातलं अगदी थोडं असतं. बाकीचं भांडारात असतं. त्या प्रत्येक वस्तूला एक नोंदणी क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाशी तिची सगळी हकिकत जोडलेली असते: कुठून आली, कुणी दिली, केव्हा आली, कशाची आहे, आज कुठल्या कपाटात कुठल्या फळीवर आहे. ही हकिकत तुटली की वस्तू समोर असूनही हरवल्यासारखीच. क्युरेटर जो विचार मांडतो, प्रदर्शनाचा आराखडा करणारा ज्या मापांवर काम करतो, संवर्धक जो उपचार ठरवतो, ते सगळं या नोंदीवर उभं असतं. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हे की क्युरेटर व्हायचं स्वप्न खुशाल ठेवा, पण दार नोंदीचं आहे. नीट बघून नीट लिहिता येणाऱ्या मुलीला या क्षेत्रात कुणी परत पाठवत नाही.

चित्रकलेची विद्यार्थिनी इथे पुढे कशी असते ते सांगते. समजा, जुन्या घरातून एक रविवर्म्याची सरस्वती आली. घरचे म्हणतात, तैलचित्र आहे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि त्यातून निघालेले ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे छाप, घरोघर गेले. वर व्हार्निश असतं, कापडाचा पोत दाबलेला असतो, त्यामुळे लांबून फसायला होतं. भिंग लावलं की शिळाछापाचे बारीक ठिपके दिसतात, ब्रशचा फटकारा सापडत नाही. जिने स्वतः तैलरंग वापरलाय, लिथोग्राफीच्या (शिळाछापाच्या) तासाला दगडावर काम केलंय, तिला हे पटकन दिसतं. इतिहासात एम. ए. केलेल्या माझ्या सहकाऱ्यांना ते शिकावं लागतं. त्यांना जे येतं, म्हणजे संदर्भ शोधणं, जुनी कागदपत्रं वाचणं, ते आम्हाला शिकावं लागतं.

दुसरं काम म्हणजे कंडिशन रिपोर्ट. कुठलीही वस्तू हलण्याआधी आणि पोचल्यावर तिची अवस्था लिहितात. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून खाली इतक्या सेंटिमीटरवर रंगाचा पापुद्रा सुटलाय, उजव्या कडेला तांबूस डाग आहेत, चौकटीचा एक खिळा गंजलाय. फोटोवर खुणा करायच्या. २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियम, दिल्लीचं नॅशनल म्युझियम आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांनी मिळून 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन आपल्या मुंबईत केलं होतं. अशा प्रदर्शनात वस्तूबरोबर एक माणूस प्रवास करतो. पेटी पोचली तरी लगेच उघडत नाहीत, नव्या हवेशी जुळवून घ्यायला तिला वेळ देतात. मग दोन्ही बाजूंची माणसं रिपोर्ट हातात धरून वस्तू पुन्हा तपासतात आणि सह्या करतात. भिंतीवरच्या खिळ्यापासून परत त्याच खिळ्यापर्यंतचा विमा असतो. हे सगळं सांभाळणारी व्यक्ती म्हणजे रजिस्ट्रार, आणि आपल्याकडे चांगल्या रजिस्ट्रारांची चणचण आहे.

शिक्षणाबद्दल. मुंबईतच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात म्युझियॉलॉजी (संग्रहालयशास्त्र) आणि संवर्धनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक-समकालीन भारतीय कला आणि क्युरेटोरियल अभ्यासाचा डिप्लोमा चालवला आहे. फोर्टात ज्ञानप्रवाह ही संस्था भारतीय सौंदर्यशास्त्राचे वर्ग घेते. पूर्ण वेळ दोन वर्षांचं एम. ए. करायचं असेल तर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ. तिथला म्युझियॉलॉजी विभाग १९५२चा, आणि शेजारी फाइन आर्ट्सची एवढी मोठी परंपरा. दिल्लीजवळ नोएडाला पूर्वीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट, आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज, तिथे कलेतिहास, संवर्धन आणि म्युझियॉलॉजी हे तीनही विषय आहेत. प्रवेशाच्या अटी आणि कुठला वर्ग यंदा चालू आहे हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, त्यात बदल होतात.

---

बोरीबंदर

वर लिहिलेलं सगळं खरं असेल. पण ताईंनी 'पोट भरतं का' असं विचारलंय आणि त्याला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो.

माझ्या धाकट्या भावाने रहेजा आर्ट स्कूलमधून शिक्षण घेतलं आणि दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत इंटर्न म्हणून लागला. नाव घेत नाही. बिनपगारी. कल्याणहून रोज यायचं, प्रदर्शनाच्या वेळी रात्री उशिरापर्यंत थांबायचं, शेवटची गाडी पकडायची. महिने उलटले तरी 'अजून थोडं शिक' हेच. ज्यांच्या घरून पैसे येतात त्यांना हे परवडतं. उद्घाटनाला सगळे इंग्रजीत बोलतात, एकमेकांना शाळेपासून ओळखतात. भाऊ हुशार होता, पण त्या खोलीत त्याला कुणी काही विचारायचं नाही. शेवटी त्याने ते सोडलं आणि ॲनिमेशन स्टुडिओत गेला. अंबरनाथच्या मुलीला हे आधीच माहीत असलेलं बरं.

---

फोर्टचा_फेरा

बोरीबंदर, तुम्ही लिहिलंत ते घडतं. नाकारत नाही. मला राग येतो याचा, कारण असं करून आपण त्याच त्या घरांतली मुलं या क्षेत्रात आणत राहतो.

म्हणून मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो: इंटर्नशिपला हो म्हणण्याआधी ईमेलवर चार गोष्टी लिहून मागा. किती आठवडे, रोज किती तास, मानधन किती, आणि शेवटी माझ्या हातून कोणतं काम पूर्ण झालेलं असेल. मानधन निदान पास आणि जेवण सुटेल इतकं तरी हवंच. चौथी गोष्ट फार महत्त्वाची. 'मदत केली' याला पुढे काही किंमत नसते. 'अमुक चित्रकाराच्या साठ कामांची यादी मी केली' याला असते. लिहून द्यायला जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडे जाऊ नका. देणारे आहेत.

सुरुवातीचा पगार कमी असतो, हे खरंच. बँकेतल्या किंवा आयटीतल्या मित्राशी तुलना करू नये. दोन-तीन वर्षांनी, हातात एखादं पक्कं कौशल्य आलं की बरा होतो. लिलावगृहात आणि मोठ्या खासगी संग्रहांत त्यातल्या त्यात लवकर. बरेच जण पहिली काही वर्षं आठवड्याचे शेवटचे दोन दिवस चित्रकलेचे वर्ग घेतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना शिकवतात. त्यात काही कमीपणा नाही.

---

कागदकारण

मी कागदावरच्या कामांचं संवर्धन करते. चित्रकलेच्या मुलांना हा रस्ता कुणी दाखवत नाही याचं मला वाईट वाटतं, म्हणून जरा लांब लिहितेय.

मुंबई ही कागदाची वैरीण आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला दमटपणा इतका चढतो की बंद कपाटातल्या फायलींवरही बुरशी धरते. संग्रहासाठी साधारण पन्नास-पंचावन्न टक्के आर्द्रता बरी मानतात, आणि ती सतत एकसारखी राहणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं. दिवसा एसी आणि रात्री बंद, हे कागदाला सगळ्यात वाईट. ओल आली की कागद फुगतो, सुकला की आकसतो, वरचा रंग मात्र त्या बेताने ताणत नाही, मग तो सुटतो. जलरंगाला प्रकाश पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच द्यायचा, म्हणून म्युझियमच्या त्या दालनात तुम्हाला अंधारल्यासारखं वाटतं. उडालेला रंग परत येत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या कामांत सगळ्यात जास्त नुकसान केलेलं असतं ते फ्रेमच्या मागच्या स्वस्त पुठ्ठ्याने आणि सेलोटेपने. पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि तपकिरी पट्टा उमटतो. सेलोटेपचा डिंक काही वर्षांनी तेलकट डाग होऊन आत मुरतो. तो काढायला कधी दिवस जातो, कधी आठवडा. फाटलेल्या जागी आम्ही जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतो. गव्हाचीच का? कारण ती पुढे ओलावा देऊन सोडवता येते. आज मी जे लावलं ते पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला मूळ कामाला धक्का न लावता काढता आलं पाहिजे, हा आमच्या कामाचा कणा आहे.

चित्रकाराला इथे एकच गोष्ट जड जाते, हात आवरणं. जिथला रंग गेलाय तेवढ्याच जागेत, शेजारच्या मूळ रंगावर एक केसभरही न चढता भरायचं. 'हा हात जरा बरा काढता आला असता' असं मनात आलं तरी ब्रश तिकडे जाता कामा नये. चांगली चित्रकार असलेली काही मुलं यात रमत नाहीत, ती चार-सहा महिन्यांत ओळखतात. जी रमतात त्यांना मग दुसरं काही नको असतं.

रसायनशास्त्राची भीती बाळगू नका, पण तयारी ठेवा. आम्ल-आम्लारी, विद्रावकं, रंगद्रव्यं कशाची बनतात, एवढं पक्कं हवं. बारावीची सायन्सची पुस्तकं काढून पुन्हा वाचली तरी पाया होतो. लखनौला एनआरएलसी ही केंद्र सरकारची संवर्धनाची प्रयोगशाळा १९७६पासून आहे, तिथे सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्सचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, बाहेरच्यांची कामंही तिथे घेतात. पुढे ब्रिटनमध्ये शिकायचं असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची मदत या विषयाला मिळते. आणि स्वतंत्र व्यवसायही करता येतो. संग्राहक, गॅलऱ्या, जुनी घराणी, ग्रंथालयं, सगळ्यांना माणूस हवा असतो आणि माणसं मोजकी आहेत.

---

वसईचा_छिन्नीवाला

मी शिल्पकलेचा विद्यार्थी, शेवटचं वर्ष. सगळं चित्रांबद्दल चाललंय. आमच्यासाठी काही?

---

नोंदवही

छिन्नीवाला, आहे आणि भरपूर आहे. काचेच्या पेटीत एखादी कांस्यमूर्ती नुसती उभी दिसते ना, तिला मागून पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पट्ट्यांचा आधार असतो. तो मूर्तीच्या वळणाप्रमाणे वाकवलेला, धातूला धातू लागू नये म्हणून आतून मऊ अस्तर लावलेला आणि समोरून न दिसणारा असावा लागतो. याला माउंट बनवणं म्हणतात. वजन कुठे येतं, तोल कुठे आहे, हे ज्याच्या हाताला कळतं त्यालाच ते जमतं. शिवाय साचे काढून प्रतिकृती करणं. आता अंध व्यक्तींना हाताने चाचपून पाहता याव्यात म्हणून बऱ्याच ठिकाणी प्रतिकृती ठेवतात, त्या करणारे कमी आहेत.

भायखळ्याचं म्युझियम नीट बघून ये. मुंबईतलं सगळ्यात जुनं, १८७२ साली लोकांसाठी उघडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे.चे प्राचार्य सेसिल बर्न्स हेच त्याचे क्युरेटरही होते. तिथल्या छोट्या मातीच्या बाहुल्या, धंदे-जातीजमातींचे देखावे बघ. कला शिकवणारी संस्था आणि म्युझियम तेव्हा एकमेकांच्या इतकी जवळ होती. २००८ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला, त्याआधी इमारतीला २००५मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. त्या कामात सुतार, गिलाव्याचे कारागीर, सोन्याचा मुलामा देणारे, वस्तू दुरुस्त करणारे असे कितीतरी हात लागले. बुधवारी बंद असतं, तो वार सोडून जा.

आणि चित्रं-शिल्पं हलवणारी, टांगणारी मंडळीही याच क्षेत्रातली. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर आणतात, मग खिळ्याची उंची वजाबाकीने काढायची. मोठं काम चार माणसांनी उचलताना कुणी शब्द द्यायचा हे ठरलेलं असतं. मुंबईत या कामात वर्षानुवर्षं मुरलेले लोक आहेत. मी त्यांच्याकडूनच सगळ्यात जास्त शिकले. विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी आदराने बोलावं आणि हात पुढे करावा.

---

फिरतं_दालन

मराठी माध्यमाचा मुद्दा राहिला, तो माझ्या जिव्हाळ्याचा.

मी म्युझियम एज्युकेशनमध्ये आहे. शाळांच्या सहली येतात तेव्हा मुलांना घेऊन फिरणं, कार्यशाळा घेणं, पुस्तिका तयार करणं हे काम. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 'म्युझियम ऑन व्हील्स' ही बस २०१५पासून गावोगावच्या शाळांत जाते. तिथेच २०१९मध्ये मुलांसाठी वेगळं म्युझियमही उघडलं. महापालिकेच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलांसमोर उभं राहून हडप्पाची मुद्रा समजावताना इंग्रजी काय कामाचं? ज्या मुलीला सोप्या, रसाळ मराठीत दोन मिनिटांत मुलांना खिळवता येतं आणि तिथल्या तिथे फळ्यावर चित्रही काढता येतं, ती आमच्यासाठी लाखमोलाची.

लेबलांचंही तेच. इंग्रजी मजकूर आधी लिहितात आणि मराठी मागाहून करून घेतात, ते वाचवत नाही. कोल्हापूरहून आलेले आजी-आजोबा त्या लेबलापुढे उभे राहतात आणि काही न समजता पुढे जातात. ज्यांना कला कळते आणि मराठीही हातात आहे अशांनी हे काम घेतलं पाहिजे. ताई, मुलीला सांगा, मराठी ही तिची कमजोरी समजू नकोस. बोलण्याचं इंग्रजी सवयीने येईल. उद्घाटनाला कोपऱ्यात उभं राहण्याऐवजी साध्या दिवशी गॅलरीत जाऊन तिथल्या माणसाला चित्राबद्दल एक प्रश्न विचारावा, एवढ्यानेच जीभ सुटते.

---

जुईचा_वेल

काय लिहू, डोळे भरून आले. मुलीने दोनदा वाचून काढलं. बोरीबंदर, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं, पण आधी सावध केलंत ते बरं झालं. अजून दोन प्रश्न. सरकारी नोकरी असते का यात? आणि शिक्षण संपायला दीड वर्ष आहे, तोवर तिने हातात काय घ्यावं?

---

नोंदवही

सरकारीत दोन बाजू आहेत. केंद्राकडे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. मुंबईची शाखा १९९६पासून कावसजी जहांगीर सभागृहात आहे. राज्याकडे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, त्यांची नागपूर, कोल्हापूर, सातारा, औंध अशी संग्रहालयं आहेत. पदाचं नाव 'अभिरक्षक', 'सहायक अभिरक्षक' असं असतं. जाहिराती क्वचित निघतात, त्यामुळे फक्त त्याच भरवशावर राहू नये. म्युझियॉलॉजीची पदवी किंवा डिप्लोमा हाताशी असेल तर जाहिरात निघाल्यावर धावपळ होत नाही. औंधला एकदा तिला न्याच. साताऱ्याच्या आडगावात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये उभं केलेलं म्युझियम, त्यात रविवर्मा आहे आणि हेन्री मूरचं शिल्पही. मुंबईबाहेर काम करणं म्हणजे मागे पडणं, असं कुणी म्हणालं तर ते बघितल्यावर पटणार नाही.

म्युझियम-गॅलरी सोडूनही संग्रह आहेत, ते विसरू नका. टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) होमी भाभांनी जमवलेला मोठा चित्रसंग्रह आहे. जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आता प्रिन्स ऑफ वेल्समध्येच दालन घेऊन आहे. बँका, उद्योगसमूह, जुनी घराणी, सगळीकडे चित्रं आहेत आणि त्यांची यादी करणारं कुणीतरी लागतं.

दीड वर्षात काय करावं, यावर माझं मत अगदी ठाम आहे. गिरगाव, दादर, पार्ल्यात, पुण्यात, कोल्हापुरात जे. जे.मध्ये शिकलेल्या जुन्या चित्रकारांची घरं आहेत. चित्रकार गेले, कामं पलंगाखाली, माळ्यावर, ट्रंकेत आहेत. स्केचबुकं, प्रदर्शनांची निमंत्रणं, पत्रं, बॉम्बे आर्ट सोसायटीची प्रमाणपत्रं. पुढची पिढी घर विकते किंवा इमारत पुनर्विकासाला जाते, तेव्हा टेम्पो भरून रद्दीत जातं. गेल्या शंभर वर्षांच्या महाराष्ट्राच्या चित्रकलेचा पुरावा असा रोज कमी होतोय आणि त्याची वेदना मला मनापासून आहे. तुमच्या मुलीने कॉलेजातल्या शिक्षकांच्या ओळखीने असं एक घर शोधावं, घरच्यांची परवानगी घ्यावी आणि तिथल्या कामांची यादी करावी. एक्सेलमध्ये साधी: क्रमांक, विषय, माध्यम, माप, साल, सही, मागे काय लिहिलंय, अवस्था, फोटो. फोटो खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, बाजूला करड्या-पांढऱ्या रंगाची पट्टी ठेवून. पेन्सिलीशिवाय काही लिहायचं नाही, पेन चित्राच्या खोलीत न्यायचंच नाही. चाळीस कामांची अशी चोख यादी मी मुलाखतीत पाहिली तर गुणपत्रिका मागणार नाही.

---

बोरीबंदर

हे वाचून भावाला धागा पाठवला. आमचे आजोबा साइनबोर्ड रंगवायचे, लालबागला. त्यांची स्टेन्सिलं आणि अक्षरांचे कच्चे कागद अजून घरी आहेत. त्याचीही अशी यादी करायची का? कुणाला त्यात रस असेल?

---

नोंदवही

जरूर करा, आणि लवकर करा. हाताने रंगवलेल्या पाट्या शहरातून जवळजवळ गेल्या, त्यामागचे कच्चे कागद तर कुणी जपलेलेच नाहीत. आजोबांनी कुठल्या दुकानांच्या, गिरण्यांच्या, मंडळांच्या पाट्या केल्या, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून आजच मोबाइलवर रेकॉर्ड करा. कुणाला द्यायचं ते नंतर ठरवू. व्यनि (वैयक्तिक निरोप) करते.

---

कागदकारण

बोरीबंदर, एक विनंती. ते कागद लॅमिनेट करू नका, दुकानदार सुचवेलच. गुंडाळीत असतील तर जोर लावून उलगडू नका. सध्या स्वच्छ सुती चादरीत, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता आडवे ठेवा. डांबराच्या गोळ्या घालू नका. कसर लागलेली दिसली किंवा बुरशीचा वास आला तर ते कागद बाकीच्यांपासून वेगळे करा आणि मला फोटो पाठवा.

---

जुईचा_वेल

कॉलेजातल्या सरांशी मुलगी बोलली. दादरच्या एका घरी पुढच्या रविवारी जायचं ठरलंय. नोंदवहीताई, रकान्यांचा तक्ता तुम्ही म्हणालात तसा केलाय. 'अवस्था' या रकान्यात नेमके कोणते शब्द वापरायचे, याची यादी मिळेल का?

---

नोंदवही

फाट, घडी, सुरकुती, भोक, कसरीने खाल्लेलं, वाळवी, बुरशी, ओलीचा डाग, तांबूस ठिपके, पिवळेपणा, रंग उडालेला, रंगाला तडे, पापुद्रे सुटलेले, चिकटपट्टी, जुनी दुरुस्ती. प्रत्येक शब्दापुढे जागा आणि माप. 'खराब' आणि 'बरी' हे दोन शब्द अजिबात नकोत. पहिली दहा कामं झाली की मला पाठवायला सांगा, तपासून देते.